पोथ्यांचे कूळ आणि पंडितांचे कूळ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होत होती तेव्हा तेथील शास्त्रीमंडळी व पदवीधर ज्या कागदांवर दिवसचे दिवस मान मोडून काम करीत, त्या कागदांचे वर्णन विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत करून ठेवले आहे. आडव्या-उभ्या रेघांनी आखलेल्या फूलस्केप तावाच्या माथ्यावर एकेक श्लोक अक्षरे सुटी करून लिहावयाचा. पोथीतले अक्षर जेथे निराळे पडेल तेथेच, त्याच घराखाली, ते नोंदवावयाचे. आणि आणखी काही सांगण्यासारखे असेल ते उजव्या बाजूच्या रकान्यात टाकावयाचे. १९१९ साली आरंभ झालेले, १९२५ मध्ये सुकथनकरांच्या हाती आलेले, आणि १९४३ साली त्यांचे निधन झाल्यावर इतरांनी नेटाने चालवून १९६६ साली तडीस नेलेले हे कार्य वरवर पाहणाऱ्यास निव्वळ कारकुनी वाटण्याचा संभव आहे. पण या कारकुनीच्या मुळाशी एक कठोर तत्त्व आहे, आणि ते असे की पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. एका मूळ पोथीवरून शंभर नकला उतरल्या असतील तर त्या शंभर साक्षी होत नाहीत. साक्ष एकच, आणि तीही नकलनविसांच्या हातून गढूळ झालेली. उलट काश्मीरातील शारदा लिपीतली एक पोथी आणि मलबारातील मल्याळम लिपीतली एक पोथी, ज्यांच्या लेखकांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही, त्या जर एखाद्या पाठावर एकमत झाल्या, तर त्या दोघींचे बोलणे मधल्या सगळ्या गर्दीपेक्षा वजनदार ठरते. याच न्यायाने, व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही घरोघर ठाऊक असलेली कथा सुकथनकरांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात बसविली. ती लोकांना अप्रिय होती म्हणून नव्हे, तर दूरदूरच्या पोथ्या तिच्या बाजूने साक्ष देईनात म्हणून.

प्राचीन जगाच्या अभ्यासात सर्वांस वाव असावा, स्त्रियांस असावा, ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचा अधिकारच नव्हता त्यांस असावा, ज्यांच्या भूमीतून अवशेष उकरून परदेशी नेण्यात आले त्यांसही असावा, ही मागणी अलीकडे बहुधा न्यायाच्या आणि काही वेळा औदार्याच्या भाषेत मांडली जाते. न्यायाची बाजू खरी आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. औदार्याची भाषा मात्र मला रुचत नाही, कारण तिच्यात आतल्याने बाहेरच्यास पंक्तीला बसवून घेतल्याचा सूर असतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न प्रथमतः प्रमाणशास्त्राचा आहे. पोथ्यांची वंशावळ मांडून एका कुळातील शंभर पोथ्यांना एकच साक्षीदार मानणाऱ्या विद्येने आपल्या पंडितांची वंशावळ कधी मांडली नाही. एकाच पाठशाळेतून, एकाच वर्गातून, एकाच प्रकारच्या घरातून आलेल्या शंभर विद्वानांचे एकमत म्हणजे शंभर साक्षी असे ती बिनदिक्कत धरून चालली, आणि जो नियम भूर्जपत्रांस व ताडपत्रांस लागू होता तो ती वाचणाऱ्यांस लागू करण्याचे तिला सुचले नाही.

ही कुळे कोणती होती, हे पाहणे उद्बोधक आहे. पेशवाई बुडाल्यानंतर ब्राह्मणांस वाटावयाच्या दक्षिणेच्या रकमेतून सरकारने १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा काढली, तिचे दरवाजे ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरते उघडे होते. तिकडे विलायतेत ग्रीक-लॅटिनच्या अध्ययनाचे जे माहेरघर, त्या केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरी पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतर. प्राचीन ग्रीक धर्माच्या अभ्यासाला नवे वळण लावणाऱ्या जेन हॅरिसन यांना तेथे शिकूनही तेथली पदवी मिळाली नाही, आणि त्या १९२८ साली वारल्या. एकोणिसाव्या शतकात ही दोन कुळे एकत्र आली. युरोपीय पंडिताने शास्त्र्याकडून हिंदुस्थान शिकून घेतला आणि शास्त्र्याने युरोपीय पंडिताकडून पाठचिकित्सेची शिस्त घेतली. या संयोगातून फार मोठे कार्य झाले, हे कोणी कृतघ्नच नाकारील. परंतु दोन स्वतंत्र साक्षीदार एकमेकांना भेटले असे जे दिसले ते तितकेसे खरे नव्हते. विल्यम जोन्स यांनी १७९४ साली मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हापासून प्राचीन हिंदुस्थान म्हणजे धर्मशास्त्रात लिहिलेला हिंदुस्थान, हे समीकरण विलायतेस शास्त्र्यांनीच पुरविले होते. पुढे तेच समीकरण विलायतेची मोहोर उमटून पुण्यास परत आले, आणि आपल्याच म्हणण्याला परक्याचा दुजोरा मिळाला असे येथील विद्वानांस वाटले. पोथीशाळेतील कारकुनाने असा दुजोरा नकलेचा पुरावा म्हणून बाजूस काढला असता.

एका लेखाचे उदाहरण घेऊन ही गोष्ट जरा जवळून पाहावी. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी जे लेणे आहे त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी निगडित असा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची त्यात यादी आहे. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी अशी राणीची वर्णनेही आहेत. मागल्या भिंतीवरील राजघराण्याच्या मूर्ती आता नाहीशा झाल्या असून माथ्यावरची नावे तेवढी शिल्लक आहेत. हे यज्ञ कोणी केले? दगड जागोजाग झिजल्यामुळे लेख तुटक झाला आहे, तेव्हा वाचणाऱ्यास काही तरी आधार घेऊन गाळलेल्या जागा भरणे भाग होते. आणि तो आधार जुन्या वाचकांनी धर्मशास्त्रातून घेतला. श्रौत यज्ञाचा स्वतंत्र अधिकार स्त्रीस नाही, सबब यज्ञ राजाचेच, असा तो युक्तिवाद. निष्कर्ष खराही असेल. पतिपत्नींनी मिळून यज्ञ केले आणि पतीच्या पश्चात राणीने त्यांची नोंद दगडात करून ठेवली, असे मानणे मलाही सयुक्तिक वाटते. माझा आक्षेप निष्कर्षाला नसून क्रमाला आहे. जो दगड प्रत्यक्ष त्या काळाचा, त्याला काय म्हणावयाचे आहे हे विचारण्यापूर्वी ग्रंथाने त्याला काय म्हणण्याची परवानगी दिली आहे हे पाहिले गेले. असा क्रम ज्याला स्वाभाविक वाटतो त्याला तो स्वाभाविक का वाटतो, हे त्याच्या कुळातल्या दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येणे कठीण.

नाणेघाटाहून जरा खाली उतरून सह्याद्रीतल्या इतर लेण्यांकडे गेले म्हणजे हा मुद्दा अधिक ठसठशीत होतो, आणि येथे थोडे रेंगाळण्याची वाचकांनी मुभा द्यावी. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पुरे करविले. पण त्याच्या एकेका खांबावर, दारावर निरनिराळ्या माणसांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे कित्येक यवन आहेत, एक सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे, आणि वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार आहे, ज्याने दरवाजाचे काम केले आणि ते केल्याचे निःसंकोच सांगितले. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दिले. तेथेच बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणी आढळतात, आणि इरिल, चिट, चंद अशा नावांचे यवन आढळतात. नाशिकच्या एका लहानशा लेण्याचा दाता मुगुदास हा कोळी होता असे विद्वान सांगतात. रायगड जिल्ह्यातल्या कुडे येथे भयिला नावाच्या ब्राह्मणीने चैत्यगृह दिले. तिचा नवरा अयितिलु हा ब्राह्मण असून बौद्ध उपासक होता, आणि त्याच लेण्यांत माळ्याचे दान आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचेही आहे. भिक्षुणींची नावे तर ठिकठिकाणी आहेत. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी जी ठेव ठेवली ती कोणापाशी ठेवली? गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणीपाशी. दोन हजार कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्याचे दरसाल दोनशे चाळीस होतात, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा याप्रमाणे चीवराची रक्कम बरोबर भागते. दुसऱ्या एका विणकर श्रेणीपाशी आणखी एक हजार, पाऊण टक्क्याने. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असेही लेखात आहे. म्हणजे दफ्तरी रुजुवात झाली. शूद्राने धनसंचय करू नये असे मनुस्मृती बजावते. आणि ज्या कारागिरांना स्मृतिकारांनी शूद्रांच्या रकान्यात टाकले, त्यांच्याच संघापाशी राजाचा जावई पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाची ठेव विश्वासाने ठेवतो. या दोहोंपैकी एक खरे व दुसरे खोटे असे नाही. दोन्ही साक्षी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. अभ्यासाचा आरंभ येथून व्हावयाचा.

हे लेख कोठे दडून राहिले होते असे नव्हे. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांतील लेखांचा संग्रह १८८१ सालीच प्रसिद्ध केला होता. (भगवानलाल हे जुनागढचे, महाविद्यालयाची पायरी न चढलेले, इंग्रजी बेताचेच, भाऊ दाजींच्या आश्रयाने हिंदुस्थानभर हिंडून त्यांनी जे लेख उतरून आणले त्यांवर अनेक पदवीधरांचे नाव झाले, ही गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते.) लेख छापले गेले, वाचले गेले, त्यांतून राजांच्या वंशावळी व कालगणना यांविषयी दोन पिढ्या हिरिरीचे वाद झाले. सुतार, विणकर व भिक्षुणी मात्र छापील पानावरही अदृश्य राहिले, कारण त्यांच्याविषयी प्रश्न विचारण्याची कोणाला निकड नव्हती. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पन्नाशीच्या दशकात ते विचारले. गणिताचा हा प्राध्यापक काठी टेकीत मावळातल्या वाटा तुडवी, गारगोटीची सूक्ष्म हत्यारे वेची, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या आयांची नावे टिपून ठेवी, आणि लेणी नेमकी जेथे आहेत तेथेच का, घाटवाटांशी, व्यापाराशी व जुन्या देवीस्थानांशी त्यांचा संबंध काय, असे विचारी. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सित आवृत्ती याच गृहस्थाने सिद्ध केलेली असल्यामुळे संस्कृत न समजणारा म्हणून त्याची बोळवण करता येत नव्हती.

त्यांचे वडील धर्मानंद यांची हकीकत तर या विषयाला फारच अनुरूप आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाचा धर्म समजून घ्यावा या एकाच ध्यासाने घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ करीत अखेर त्याला सिंहलद्वीपात जावे लागले, कारण ज्या भूमीत पाली ग्रंथ जन्मले तेथे ते शिकविणारे कोणी उरले नव्हते. सुकथनकरांना काश्मीर आणि मलबार यांचे जे महत्त्व, तेच हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासात सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथील पोथ्यांचे आहे: मध्यदेशात जे पुसले गेले ते टोकाला टिकून राहिले. त्या ग्रंथांत थेरीगाथा आहे, म्हणजे भिक्षुणींच्या तोंडची कवने. आणि त्यांत पुण्णिका नावाची, पाणी भरणारी दासी, थंडीत कुडकुडत नदीत बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे स्वर्गात का जात नाहीत. प्राचीन काळी स्त्रियांना, दासींना काय वाटत होते हे कळण्याचा मार्गच नाही, असे खेदाने सांगणाऱ्या विद्वानांच्या कपाटात हे पुस्तक बहुधा असते.

वाचणारा बदलला म्हणजे ग्रंथ कसा बदलतो, याचे पंडिता रमाबाईंइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, त्यापायी शास्त्र्यांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली जन्मलेली ही मुलगी आईच्या तोंडून संस्कृत शिकली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिचे वक्तृत्व ऐकून तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढे तेथल्याच लोकांनी तिला विनंती केली की बायकांना त्यांचा धर्म शास्त्राधारे समजावून सांगावा. व्याख्यानासाठी म्हणून तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचावयास घेतले आणि तिला दिसले की परस्परांशी इतर बाबतींत क्वचितच जुळणारे हे ग्रंथ स्त्रीजातीच्या निंदेत मात्र एकमुखी आहेत. ते ग्रंथ शेकडो वर्षे शेकडो विद्वानांनी वाचले होते, त्यांवर टीका लिहिल्या होत्या, टीकांवर टीका लिहिल्या होत्या. त्या ओळी कोणाच्या नजरेतून सुटल्या होत्या असे नव्हे, त्या कोणास टोचल्या नव्हत्या. रमाबाईंचे निरीक्षण पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर असे: परस्परविरोधी साक्षीदार जेथे एकमत होतात तेथे थांबून पाहावे. त्यांनी नियम मोडला नाही. तो पाळला.

आता येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निराळ्या कुळातला वाचक निराळा साक्षीदार असेल, पण निराळा साक्षीदार खरा साक्षीदार असतोच काय? दूरची पोथी मोलाची खरी. तिच्यातही लेखनप्रमाद असतात, प्रक्षेप असतात, आणि दाक्षिणात्य पोथ्यांतील पुष्कळसा जास्तीचा मजकूर सुकथनकरांना वगळावाच लागला. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’कडे मी याच दृष्टीने पाहतो. १८७३ साली त्यांनी दशावतारांच्या कथा विजेत्यांनी जितांविषयी रचलेल्या कथा म्हणून वाचल्या, आणि ही गोष्ट कोणाच्या तोंडून सांगितली जात आहे असा जो प्रश्न टाकला तो आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात पहिल्या तासाला शिकविला जातो. त्यांच्या व्युत्पत्ती मात्र बव्हंशी टिकत नाहीत. अमेरिकेत राहून मार्टिन बर्नाल यांनी १९८७ साली ‘ब्लॅक अथीना’चा पहिला खंड काढून, ग्रीसवरचे मिसरचे व फिनिशियाचे ऋण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय विद्वानांनी वंशाभिमानाने कसे पुसले याचा हिशेब मागितला, तो हिशेब पुष्कळ अंशी न्याय्य होता, आणि पुढच्या खंडांतील त्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांनी जवळजवळ एकमुखाने नाकारल्या. संशय बरोबर, व्युत्पत्ती चुकीच्या, असा हा प्रकार दोन भूखंडांत शंभर वर्षांच्या अंतराने घडावा यात मला फारसे नवल वाटत नाही: ज्याला आत येऊ दिले नाही त्याला आतल्या हत्यारांचा सराव कोठून असणार?

पण या आक्षेपाचे उत्तर दार लावून घेण्यात नाही, दुसरा साक्षीदार बोलावण्यात आहे, आणि तो बाहेरच्यांतूनच येतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ‘शूद्र कोण होते?’ हा ग्रंथ जोतीरावांस अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात, ज्या आर्यांच्या स्वारीच्या सिद्धांतावर जोतीरावांची सारी मांडणी उभी होती तो सिद्धांत, वेदवचनांची छाननी करून, आधार नसलेला म्हणून बाजूस सारला. कृतज्ञता अर्पणपत्रिकेत आणि चिकित्सा ग्रंथात, अशी ही वाटणी आहे. शूद्र मूळचे क्षत्रिय, हे त्यांचे स्वतःचे प्रतिपादन सर्वांस मान्य झालेले नाही, मलाही ते सिद्ध झाले असे वाटत नाही. परंतु ते पुराव्याच्या भाषेत मांडलेले असल्यामुळे पुराव्याच्या भाषेत खोडता येते, आणि विद्वत्तेच्या व्यवहारात याहून अधिक काही कोणाकडे मागता येत नाही. वंशपरंपरेने दुःख मिळते, सत्य मिळत नाही. हे जितके आज आत येणाऱ्यास लागू, तितकेच, किंबहुना अधिक, पिढीजात आत बसलेल्यास लागू.

शिवाय प्रत्येक नव्या वाचकाने नवी दृष्टी आणलीच पाहिजे, अशी अट घालणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय. ब्रुकलिनच्या महाविद्यालयात लॅटिन-ग्रीक शिकविणाऱ्या ॲलिस कोबर यांनी क्रीटमधील ‘लिनिअर बी’ नामक न वाचल्या गेलेल्या लिपीवर, युद्धकाळात कागद मिळेना तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजू कापून, लाखाच्या वर चिठ्ठ्या केल्या, त्या सिगारेटच्या खोक्यांत लावल्या, आणि त्या भाषेतील शब्दांना विभक्तिप्रत्यय लागतात हे, ती भाषा कोणती हे ठाऊक नसताना, सिद्ध केले. १९५० साली त्या वारल्या. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस या वास्तुविशारदाने ती लिपी सोडविली, ती बऱ्याच अंशी कोबरबाईंच्या पायावर उभे राहून. त्यांच्या कामात स्त्रीसुलभ असे काही नव्हते. होती ती निर्मम शिस्त. अशी बुद्धी निव्वळ वाया जाऊ नये, एवढे कारण दार उघडे ठेवण्यास पुरे आहे.

दार लावण्याचे प्रकार मात्र पुष्कळ असतात, आणि त्यांतला एक श्रेय लिहिण्याच्या रिवाजात लपलेला असतो. मोसुलचा होरमुझ्द रस्साम, उत्खनन करणाऱ्या लेयार्डच्या हाताखाली तयार झालेला, याने १८५३ साली निनेव्हे येथे असुरबनिपालाचा राजवाडा उकरला आणि त्यात ग्रंथालयाच्या, लेख कोरलेल्या मातीच्या विटा सापडल्या. त्यांतच गिल्गमेशाची कथा होती, जी पुढे १८७२ साली नोटांचे ठसे कोरणाऱ्या, विद्यापीठ न पाहिलेल्या जॉर्ज स्मिथने वाचून साऱ्या युरोपास चकित केले. म्हणजे मानवजातीच्या अत्यंत जुन्या काव्यांपैकी एक उकरणारा तेथला देशी माणूस, आणि ते प्रथम वाचणारा एक कारागीर. पण या रस्सामवर, त्याचे नातलग उत्खननातल्या विटा चोरून विकतात आणि तो त्यांना सामील आहे, असा बोभाटा ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बजने केला, तेव्हा १८९३ साली म्हाताऱ्या रस्सामला अब्रुनुकसानीची फिर्याद लावावी लागली. तो जिंकला, नुकसानभरपाई पन्नास पौंड ठरली. ज्याची भूमी, ज्याची भाषा, ज्याचे हात, तो हमालांचा मुकादम आणि अर्थ लावणारा तो शोधक, ही जी श्रमविभागणी एकोणिसाव्या शतकाने ठरविली तिचे अवशेष उत्खननांच्या अहवालांत फार उशिरापर्यंत आढळतात.

राहता राहिला प्रश्न भाषांचा, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. २०२१ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभिजात विद्याविभागाने, त्या विषयात पदवी घेणाऱ्यास ग्रीक किंवा लॅटिन आलेच पाहिजे ही अट काढून टाकली. हेतू चांगला होता: ज्यांच्या शाळेत या भाषा शिकवीत नाहीत त्यांनाही वाट मोकळी व्हावी. तथापि आपल्याकडचा अनुभव ज्याच्या ध्यानात आहे त्याला या उपायाविषयी शंका वाटल्यावाचून राहत नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यास संस्कृत घेऊ दिले नाही, त्याला फारसी घ्यावी लागली. आणि चाळीस वर्षांनी ‘शूद्र कोण होते?’च्या प्रस्तावनेत त्याच माणसाला, संस्कृत न जाणणाऱ्याने या विषयात का पडावे या संभाव्य प्रश्नाची दखल घ्यावी लागली. भाषा नाकारणे म्हणजे काय, ते येथे दिसते: जे ग्रंथ तपासावयाचे ते प्रतिपक्षाने केलेल्या भाषांतरातून वाचावयाचे. अट काढून टाकली म्हणजे हा पराधीनपणा सक्तीचा न राहता ऐच्छिक होतो, इतकाच फरक. ज्यांच्या घरात ती भाषा आहे ते ती शिकतीलच, आणि जे नव्याने आत आले त्यांना भाषांतरे पुरेत असे त्यांना गोड शब्दांत सांगितले जाईल. मूळ लेख वाचणारे आणि भाषांतर वाचणारे अशा दोन पंक्ती पुन्हा पडतील, आणि त्या कोणाकोणाच्या असतील हे सांगावयास ज्योतिषी नको. अट ठेवावी, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या घराण्यावर न टाकता शिकविणाऱ्या संस्थेने घ्यावी; पहिल्या अक्षरापासून, वय झालेल्यासही, कमीपणा वाटू न देता शिकवावे. जुन्नरच्या महाविद्यालयातल्या मुलाला समोरच्या डोंगरातला लेख वाचता येत नाही, यात त्या मुलाचा दोष नाही आणि ब्राह्मी लिपीचाही नाही. ती काही आठवड्यांत येते, प्राकृताला थोडी वर्षे लागतात.

असे पहिल्या अक्षरापासून शिकविणाऱ्याचे एक उदाहरण देतो. विल्यम सँडर्स स्कारबरो १८५२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मेकन येथे गुलाम म्हणून जन्मला. गुलामास अक्षर शिकविणे तेथे गुन्हा होता, आणि कॅल्हून नावाच्या बड्या मुत्सद्द्याच्या तोंडी असे एक बोलणे घातले जाते की ग्रीक वाक्यरचना जाणणारा हबशी कोणी दाखवील तर तो माणूस आहे असे आपण मानू. स्कारबरो चोरून वाचावयास शिकला, गुलामगिरी संपल्यावर कॉलेजात गेला, ग्रीकचा प्राध्यापक झाला, पुढे विल्बरफोर्स विद्यापीठाचा अध्यक्षही झाला. कॅल्हूनला उत्तर द्यावयाचे त्याच्या मनात असते तर एखाद्या नाटककारावर तो जाडजूड टीका लिहिता. १८८१ साली न्यूयॉर्कला त्याचे जे पहिले पुस्तक छापले गेले ते ग्रीकचे पहिल्या धड्यांचे होते: ज्याला ग्रीकचे अक्षरही ठाऊक नाही त्याला झेनोफनच्या ‘अनाबासिस’पर्यंत पोहोचविणारे.